इग्नेशियन साधना: तीस दिवस, आठ दिवस की घरी राहून? तिन्ही प्रकारांचं परीक्षण

देवानं माणसाला या जगात कशासाठी आणलं आणि त्यातलं कोणतं काम माझ्या वाट्याला आलं आहे, हा प्रश्न पडला की ख्रिस्ती माणूस एक तर पुस्तकाकडे वळतो, नाही तर प्रवचनाकडे. उत्तर दोन्हीकडे मिळतं, पण ते सगळ्यांसाठी असतं. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला हे वर्षानुवर्षं ऐकलेलं असूनही, बदली स्वीकारायची का, थकलेल्या आईला गावाहून आणायचं का, हे ठरवायची वेळ आली की ते वाक्य हाताशी येत नाही. लोयोलाच्या संत इग्नेशियसची आध्यात्मिक साधना नेमकं इथे काम करते. ठरलेला क्रम, ठरलेले तास आणि सोबत एक ऐकणारा माणूस, एवढ्या भांडवलावर ती त्या मोठ्या उत्तरापासून तुमच्या निर्णयापर्यंत वाट काढते.

जेझुइट, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंच्या रिट्रीट हाऊसमध्ये, म्हणजे एकांतात प्रार्थनेसाठी राहण्याच्या केंद्रांत, ही साधना मिळते. आपल्याकडे वांद्र्याला आणि गोव्यात बागा इथे अशी केंद्रं आहेत. प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर्स आणि प्रापंचिक मार्गदर्शकही ती देतात. अनेक ठिकाणी कॅथलिक असण्याची अट नसते. मात्र ‘इग्नेशियन रिट्रीट’ या एकाच नावाखाली तीन-चार अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. आपण नेमकं कशासाठी नाव नोंदवतो आहोत, हे आधी कळलेलं बरं.

मुळात ही साधना आली कुठून? १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं इग्नेशियसचा पाय जायबंदी झाला. पुढे १५२२-२३ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी त्यानं जवळपास अकरा महिने काढले. तिथे स्वतःच्या मनात काय घडतं याच्या नोंदी तो ठेवू लागला. त्या नोंदींचं पुढे पुस्तक झालं आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. आजच्या आवृत्त्यांत त्याचे ३७० क्रमांकित परिच्छेद असतात. हे पुस्तक विकत घेऊन वाचायला बसू नका, निराशा होईल. ते साधना करणाऱ्यासाठी नाही, करवून घेणाऱ्यासाठी आहे. तालमीतल्या वस्तादाच्या वहीसारखं ते आहे: सूचना, आकडे, क्रम, आणि काय बिघडलं तर काय करायचं. पहिल्या टप्प्यातल्या माणसाला दुसऱ्या टप्प्यात काय येणार हे कळू नये, असं त्यातच लिहिलेलं आहे.

साधनेचा पाया २३व्या परिच्छेदात आहे. माणूस देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी निर्माण झाला आणि त्यातच त्याचं तारण आहे. पृथ्वीवरचं बाकी सगळं त्याला या कामी मदत व्हावी म्हणून आहे. म्हणून जे जेवढं मदतीला येतं तेवढं वापरायचं आणि जेवढं आड येतं तेवढं सोडायचं. निरोगी राहणं किंवा आजारी पडणं, श्रीमंती किंवा गरिबी, मान किंवा अपमान, दीर्घ आयुष्य किंवा अल्प, यांपैकी कशाकडेही मनाचं पारडं आधीपासून झुकलेलं असू नये. ख्रिस्ती दृष्टीनं माणसाचं प्रयोजन इतक्या थोडक्यात आणि इतक्या परखडपणे क्वचितच मांडलेलं सापडेल.

आणि रिट्रीट सर्वांत जास्त बिघडते तीही याच ठिकाणी. पहिल्या संध्याकाळी पाऊण तासाचं प्रवचन, फळ्यावर तीन मुद्दे, सगळ्यांच्या माना डोलतात आणि विषय संपतो. जो परिच्छेद दिवसच्या दिवस प्रार्थनेत मुरायला हवा, तो ‘समजला’ म्हणून मागे टाकला जातो. शिवाय आजारपण चालेल, अपमान चालेल, हे थेट ऐकलं की माणूस एक तर घाबरतो, नाही तर निर्विकार होण्याचा आव आणतो. इथे अपेक्षित आहे ते मोकळेपण. ते प्रेमाच्या अनुभवातून येतं, मूठ आवळून येत नाही. म्हणून चांगला मार्गदर्शक या परिच्छेदाची घाई करत नाही. आधी स्तोत्र १३९, यशया ४३ची सुरुवात, लूक १२मधले कावळे आणि रानफुलं, उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय, असे उतारे तो देतो. तीस दिवसांच्या साधनेत यासाठी काही दिवस जातात, घरी राहून केलेल्या साधनेत काही आठवडे. आपल्यावर कुणाचं तरी मनापासून प्रेम आहे हे आत पोचलं की मगच २३वा परिच्छेद. केंद्र निवडताना याबद्दल सरळ विचारा: पायाभूत भागासाठी तुम्ही किती वेळ देता? उत्तर ‘पहिलं सत्र’ असं आलं तर दुसरं केंद्र बघा.

बाकी सगळं माणसासाठी आहे, या वाक्याचा चुकीचा अर्थ लावणंही सोपं असतं. उत्पत्ती १:२८मध्ये पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आज्ञा आहे, आणि तेवढीच धरली तर डोंगर पोखरायलाही धर्माचा आधार सापडतो. म्हणून उत्पत्ती २:१५ त्याच्या शेजारीच ठेवावं लागतं. तिथे देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हे दोन उतारे असेच एकत्र वाचले आहेत. जेझुइटांनी २०१९ ते २०२९ या दशकासाठी चार प्राधान्यक्रम ठरवले. साधनेद्वारे देवाकडे वाट दाखवणं हा त्यांतला पहिला, आणि पृथ्वी या सामाईक घराची काळजी हाही त्यांपैकीच एक. आजच्या मार्गदर्शकाच्या बोलण्यात हे दोन्ही यायला हवं.

साधनेचे टप्पे चार. त्यांना आठवडे म्हणतात, पण आठवडा सात दिवसांचाच असतो असं नाही. माणूस जिथे अडेल तिथे तो लांबतो. पहिल्या आठवड्यात पाप आणि दया. त्याच्या मुळाशी क्रुसासमोर बसून स्वतःला विचारायचे तीन प्रश्न आहेत: ख्रिस्तासाठी मी काय केलं, काय करतो आहे, काय करायला हवं. देवाच्या प्रेमाचा पाया कच्चा असेल तर या टप्प्यात नुसता अपराधीपणा वाढतो आणि माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. तसं दिसलं तर मार्गदर्शकानं पुढे न ढकलता मागे न्यायला हवं. तिसरा आठवडा ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा, चौथा त्याच्या पुनरुत्थानाचा. प्रयोजनाकडून कामगिरीकडे वाट जाते ती दुसऱ्या आठवड्यात.

त्यातला देहधारणेचा, म्हणजे देव माणूस झाला यावरच्या मननाचा, एक तास जवळून बघण्यासारखा आहे. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी, ‘नमो मरिया’ ही छोटी प्रार्थना एकदा म्हणण्याइतका वेळ, उद्या कशासाठी उठायचं ते मनात आणायचं. सकाळी प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं. प्रभूची प्रार्थना म्हणायला लागतो तेवढा वेळ, देव माझ्याकडे पाहतो आहे हे ध्यानात घेऊन नमन करायचं. मग गुडघे टेका, बसा किंवा उताणे पडा. जी स्थिती जमून आली ती मोडायची नाही. आता डोळ्यांपुढे दोन जागा आणायच्या: एकीकडे माणसांनी भरलेली सगळी पृथ्वी, दुसरीकडे नासरेथमधली मरियेची खोली. पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, पृथ्वीकडे पाहतं आहे आणि आपणही त्याच नजरेनं पाहायचं. काही गोरे, काही काळे, कुणी शांततेत, कुणी युद्धात, रडणारे, हसणारे, धडधाकट, आजारी, कुणी जन्माला येतो आहे, कुणी मरतो आहे. ही माणसं काय बोलतात ते ऐकायचं, एकमेकांशी कशी वागतात ते बघायचं. त्यानंतर देव काय ठरवतो ते ऐकायचं आणि मग मरियेच्या खोलीत यायचं. शेवटी, मित्र मित्राशी बोलतो तसं देवाशी बोलायचं.

तास संपल्यावर पंधरा मिनिटं वेगळी काढायची, बसून किंवा येरझाऱ्या घालत. कुठे मन हललं, कुठे कोरडं राहिलं, कुठून पळ काढावासा वाटला, एवढंच वहीत तीन-चार ओळींत टिपायचं. दर तासाला नवा उतारा नसतो. जिथे मन हललं किंवा अडलं, तिथेच परत जायचं असतं. वाचनाची सवय असलेल्या माणसाला हे परत जाणं सगळ्यात जड जातं. त्याला रोज नवं काही हवं असतं आणि साधना तर एकाच जागी खोल खणायला लावते.

मिशन म्हटलं की आपल्याकडे शाळा, दवाखाने आणि धर्मप्रसार डोळ्यांपुढे येतात. या एका तासात क्रम वेगळा लागतो. कामगिरी मुळात देवाची आहे. त्यानं जगाकडे पाहिलं, त्याला कळवळा आला, तो उतरला. माणूस त्या आधीच सुरू असलेल्या कामात बोलावला जातो. मी जगासाठी काय करू, या प्रश्नाच्या आधी देव जगाकडे कसा पाहतो, हा प्रश्न येतो. माझ्या मते सबंध साधनेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. समाजकार्यात वर्षानुवर्षं राबून आतून रिकाम्या झालेल्या कार्यकर्त्यांना सर्वांत जास्त उपयोग होतो तोही याच टप्प्याचा.

यापुढे साधना कठीण होत जाते. ‘दोन ध्वज’ या मननात सैतान माणसाला पायरीपायरीनं नेतो: आधी संपत्ती, मग मान, मग गर्व. ख्रिस्ताची वाट नेमकी उलटी: गरिबी, अपमान, नम्रता. आणि या वाटेनं चालायला तयार असलेल्यांना तो सगळ्या जगात पाठवतो. त्याच दिवशी दहा हजार डुकाट, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, हाती आलेल्या तीन तऱ्हेच्या माणसांचं मनन येतं. पहिल्याला त्या पैशाची ओढ सुटावी असं वाटतं, पण मरेपर्यंत तो काहीच करत नाही. दुसरा पैसा ठेवून देवालाच आपल्या बाजूला ओढू पाहतो. तिसरा ठेवायला आणि सोडायला सारखाच तयार असतो. फ्लॅट, प्लॉट, मुलांच्या परदेशी जाण्याचा खर्च, ज्याचे जे डुकाट असतील ते इथे समोर येतात.

मग येते निवड. आयुष्यात खरोखर घ्यायचा असलेला निर्णय घेऊनच इथे बसायचं. मन शांत असताना वापरायची पद्धत अगदी व्यवहारी आहे. प्रश्न एका वाक्यात लिहा. तो स्वीकारला तर फायदे-तोटे, नाकारला तर फायदे-तोटे, असे चार रकाने करा. कोणत्या बाजूला जास्त मुद्दे यापेक्षा कोणत्या बाजूला विवेक झुकतो ते बघा. मग तीन कसोट्या: पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसाला याच बाबतीत मी काय सल्ला देईन? मरणाच्या वेळी मी काय ठरवलेलं असावं असं मला वाटेल? न्यायाच्या दिवशी? शेवटी निर्णय देवापुढे ठेवायचा आणि त्याच्याकडून पुष्टी मागायची.

हे मोकळेपण प्रत्यक्षात कसं दिसतं याचं उदाहरण गोव्याला परिचित आहे. फ्रान्सिस झेवियरनं १५३४ मध्ये पॅरिसमध्ये ही साधना केली. पुढे पूर्वेकडे जाण्यासाठी निवड झाली होती ती निकोलास बोबादिया याची. तो आजारी पडला आणि ऐन वेळी झेवियरला निघावं लागलं. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. त्यानं ती वाट स्वतःहून मागितलेली नव्हती; सांगितलं तेव्हा निघण्याइतका तो मोकळा होता.

आता प्रकारांकडे वळू.

तीस दिवसांची निवासी साधना हे मूळ रूप. पूर्ण मौन, रोज चार ते पाच तास प्रार्थना, प्रत्येक तास सुटा, रोज एकदा मार्गदर्शकाची भेट, टप्प्यांच्या मध्ये विश्रांतीचा दिवस. मूळ वेळापत्रकात मध्यरात्रीचाही एक तास आहे. वय आणि तब्येत पाहून तो वगळता येतो. आधी आठ दिवसांची साधना केलेली नसेल तर थेट यात पडू नये. पहिल्या काही दिवसांत माणूस उत्साहानं जास्त रेटतो आणि मग दुसऱ्या आठवड्यात थकतो. कोरडेपणा आला की तास आटोपता घ्यावासा वाटतो. त्यावर साधनेचा उपाय उलट आहे: अशा वेळी तासापेक्षा थोडं अधिकच बसायचं.

जेवणाचे नियम मला विशेष आवडतात, कारण त्यांत उपासाचा बडेजाव नाही. भाकरी-पोळीसारख्या साध्या अन्नात फार हात आखडण्याची गरज नाही. सावध राहायचं ते पेयांच्या आणि चमचमीत पदार्थांच्या बाबतीत. रात्री किती जेवायचं हे दुपारच्या जेवणानंतर ठरवायचं, म्हणजे भूक नसताना. ही एक सवय घरी आणली तरी पुष्कळ.

आठ दिवसांचा प्रकार सर्वांत लोकप्रिय आहे आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त. आठ दिवसांत चारही आठवडे पूर्ण होत नाहीत. मार्गदर्शक तुमची गरज पाहून त्यातला भाग निवडतो. दर वर्षी येणाऱ्यासाठी हा प्रकार उत्तम आहे. पहिल्यांदा येणाऱ्यानं मात्र पाया आणि पहिला आठवडा एवढीच अपेक्षा ठेवावी. काही ठिकाणी याच नावाखाली दिवसाला तीन प्रवचनं, सामूहिक जपमाळ आणि संध्याकाळी गाणी असा कार्यक्रम असतो. प्रवचनांची रिट्रीट ही वेगळी, आपल्या जागी चांगली गोष्ट आहे, पण तिथे प्रत्येकाची स्वतंत्र भेट नसते आणि त्यामुळे विवेकाचं, म्हणजे मनातल्या लहरी पारखून निर्णयाकडे येण्याचं, काम होत नाही. नोंदणीआधी विचारा: रोज माझी एकट्याची भेट असेल का? अर्धा तास तरी?

प्रपंच असलेल्यांसाठी माझी पहिली पसंती तिसऱ्या प्रकाराला. पुस्तकातल्या एकोणिसाव्या सूचनेत, कामाधंद्यात गुंतलेल्या माणसानं रोज दीड तास काढून हीच साधना करावी असं सांगितलं आहे. आज बहुतेक ठिकाणी रोज पाऊण ते एक तास प्रार्थना, रात्री दहा-पंधरा मिनिटं दिवसाची तपासणी आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाची भेट अशी मांडणी असते. साधारण तीस आठवडे लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली तर नाताळात येशूजन्माची मननं येतात, उपवासकाळात दुःखसहनाची आणि ईस्टरच्या सुमारास पुनरुत्थानाची. चर्चमधली उपासना आणि घरची प्रार्थना एकमेकींना आधार देतात. या प्रकाराचा मोठा फायदा म्हणजे प्रार्थनेत उमगलेलं त्याच दिवशी कामावर, स्वयंपाकघरात, लोकलच्या गर्दीत कसाला लागतं.

इथे लोक गळतात त्यामागे मोठं आध्यात्मिक कारण क्वचितच असतं. वेळ ठरलेली नसते. सकाळचा तास रात्री अकरावर जातो, मग डुलकी, मग ‘उद्या दोन तास करतो’. वेळ आणि जागा पहिल्याच भेटीत लिहून ठरवा, घरच्यांना सांगा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, बायबलसुद्धा छापलेलंच घ्या. सलग दोन आठवडे भेट चुकली तर पुढचे उतारे स्वतःहून घेऊ नका. जिथे होतात तिथेच थांबा.

मार्गदर्शक मिळतच नसेल तर अमेरिकेतल्या क्रेटन विद्यापीठाची ३४ आठवड्यांची मोफत ऑनलाइन साधना आहे. मांडणी सोपी आणि दर आठवड्याचं साहित्य नेटकं. पण तुमचं ऐकणारं कुणी नसतं. चव घ्यायला ती ठीक आहे. निवडीच्या टप्प्यावर मात्र प्रत्यक्ष माणूस शोधावाच.

कारण या सेवेचा दर्जा ना खोलीवर ठरतो, ना जेवणावर, ना बागेवर. तो ठरतो मार्गदर्शकावर. पंधराव्या सूचनेनुसार त्यानं तुम्हाला कोणत्याही एका निर्णयाकडे ढकलायचं नाही, अगदी धर्मगुरू किंवा सिस्टर होण्याकडेही नाही. देवाला आणि माणसाला थेट बोलू द्यायचं. तुमची पापं उकरून काढायची नाहीत, मात्र मनात कोणत्या लहरी उठतात हे त्याला माहीत असायला हवं. काहीच घडत नाही असं तुम्ही म्हणालात तर त्यानं आधी वेळापत्रक विचारावं: तास पूर्ण केले का, केव्हा, कसे? भेटीत तो तुमच्यापेक्षा जास्त बोलत असेल, स्वतःचे अनुभव सांगत असेल, किंवा ‘देवाची इच्छा अशी दिसते’ असं जाहीर करत असेल, तर विनम्रपणे दुसरा मार्गदर्शक मागा. तसं मागण्यात गैर काहीच नाही.

ही साधना प्रत्येकासाठी, प्रत्येक वेळी नाही. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तीव्र नैराश्याचे उपचार सुरू असतील, व्यसनमुक्तीचे पहिले महिने असतील, तर दीर्घ मौन अपाय करू शकतं. ज्याला जेवढं पेलेल तेवढंच द्यावं, ही अठरावी सूचना इथे लागू पडते. औषधं, झोप, अलीकडचे आघात यांबद्दल नोंदणीच्या वेळी विचारणारं केंद्र जबाबदार समजावं. विचारलं नाही तर स्वतःहून सांगा. चालू औषध साधनेसाठी बंद करू नका.

नोंदणी करताना आणखी एक विचारा: शेवटचं, प्रेम प्राप्त करण्याचं चिंतन तुम्ही घेता का? परिच्छेद २३० ते २३७. प्रेम शब्दांपेक्षा कृतीत दिसावं, इथून त्याची सुरुवात होते. मग देव मातीत, झाडात, जनावरात, माणसात वस्ती करून आहे आणि माझ्यासाठी त्या सगळ्यांत राबतो आहे, हे पाहायचं असतं. २३व्या परिच्छेदातलं ‘बाकी सगळं’ इथे नव्या उजेडात येतं. शेवटच्या दिवशी सामान बांधण्याच्या गडबडीत हा तास कापला जातो, तो कापू देऊ नका.

परतल्यावर पहिला महिना कोणतंही नवं व्रत घेऊ नका. भरून आलेल्या मनानं घाईत वचन देऊ नये आणि कोरड्या दिवसांत आधीचा निर्णय बदलू नये, या दोन्ही सूचना पुस्तकातच आहेत. रोज रात्रीची तपासणी तेवढी चालू ठेवा: आभार माना, प्रकाश मागा, दिवस तासातासानं पाहा, क्षमा मागा, उद्याचा एक निश्चय करा. निवडीचा कागद वहीत तारखेसह ठेवा, आणि निघण्यापूर्वीच मार्गदर्शकाकडून महिन्याभरानंतरच्या भेटीची वेळ घ्या.